दस्त्याला तेल किती पाजायचं?

लाठीला तेल पाजतात, क्रिकेटच्या बॅटला पाजतात, रायफलीच्या लाकडी दस्त्यालाही पाजतात. या ‘पाजणे’ शब्दानेच निम्मा घोळ केला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं की लाकूड तहानलेलं आहे, जितकं ओतू तितकं ते पिईल आणि तितकं टिकेल. मग घरातली जुनी रायफल निघते, दस्त्यावर जवसाचं तेल चोपडलं जातं, रात्रभर तसंच राहतं, सकाळी आणखी चोपडलं जातं. आठ दिवसांनी तोच दस्ता हाताला गुळाच्या पाकासारखा लागतो. त्यावर धूळ बसते, बोटांचे ठसे उमटतात, आणि मालक तेलाच्या कंपनीला शिव्या देतो. चूक बहुतेक वेळा डब्यातल्या तेलाची नसते, हातातल्या फडक्याची असते.

इथे ली-एनफील्ड घराण्याच्या रायफली समोर धरल्या आहेत. १९०७ साली आलेली शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड मार्क तीन इंग्लंडमध्ये बनली, ऑस्ट्रेलियात लिथगोला बनली आणि बंगालमध्ये इशापूरला बनली. आपल्याकडे पोलिस आणि होमगार्डच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’ ती हीच. १९६० च्या दशकात इशापूरने तिचाच ७.६२ मिलिमीटरचा अवतार काढला. परवानाधारकांकडे दिसणारी .३१५ ची स्पोर्टिंग रायफलही याच वंशावळीतली. परदेशात राहणाऱ्या आणि जुन्या रायफली जमवणाऱ्या मराठी मंडळींच्या कपाटातही इशापूरचा शिक्का असलेली एनफील्ड सापडते. अस्सल जुन्या दस्त्यांचं लाकूड बहुधा अक्रोडाचं. दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत बीच आणि बर्चही वापरलं गेलं, आणि लिथगोने तर आपलं स्थानिक कोचवुड वापरलं. तेलाचं तंत्र सगळ्यांना सारखंच लागू आहे. बाराबोरच्या बंदुकीलाही तेच, आणि खरं तर सागवानी खुर्चीलाही.

कामाआधी कायद्याचं एक. भारतात शस्त्र कायदा १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोजले जातात. त्यामुळे रायफल ओळखीच्या सुताराकडे ‘दोन दिवस राहू दे’ म्हणून ठेवायची नाही. परवानाधारकाने स्वतः करावं, नाहीतर परवाना असलेल्या बंदूकदुरुस्तीवाल्याकडे द्यावं.

तेल वाळतं म्हणजे नेमकं काय होतं

खोबरेल तेलाचा हात लाकडाला पुसला तर ते वर्षभराने पुसट झालेलं असेल, खवट झालेलं असेल, पण वाळलेलं नसेल. जवसाचं, म्हणजे अळशीचं तेल तसंच पुसलं तर काही दिवसांत त्याचा कडक थर होतो. दोन्ही तेलंच, फरक त्यांच्या रेणूंच्या घडणीत आहे. तेलाचे रेणू म्हणजे लांब लांब साखळ्या. त्या साखळ्यांत ठिकठिकाणी दुहेरी बंध असतात आणि त्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटू शकतो. खोबरेलात असे बंध जवळजवळ नसतात. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग लिनोलेनिक ॲसिडचा असतो आणि त्याच्या प्रत्येक साखळीत तीन दुहेरी बंध असतात. ऑक्सिजन आला की एक साखळी शेजारच्या साखळीला पकडते, ती तिसरीला, आणि हळूहळू सगळ्यांचं मिळून जाळं विणलं जातं. रसायनशास्त्रात हे मोजायला आयोडीन आकडा वापरतात: खोबरेलाचा साधारण १०, शेंगदाण्याच्या तेलाचा ९० च्या आसपास, जवसाचा १७० च्या पुढे. आकडा साधारण १३० च्या वर असेल तरच तेल लाकडावर नीट वाळतं. म्हणून गोडंतेल, मोहरीचं तेल किंवा खोबरेल दस्त्याला लावण्यात अर्थ नाही. लाठीला चालतं, कारण लाठीवर कोणाला चकचकीत थर नको असतो.

ओला टॉवेल वाळतो तेव्हा पाणी उडून जातं आणि वजन घटतं. तेल वाळतं तेव्हा उडून काहीच जात नाही म्हटलं तरी चालेल. उलट ऑक्सिजन आत घेतल्यामुळे वजन वाढतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे सगळे नियम आपोआप सुचतात. तेलाला हवा लागते, म्हणून थर इतका पातळ हवा की हवा तळापर्यंत पोचेल. जाड थर दिला की तापलेल्या दुधावर साय धरते तशी वर साय धरते आणि खालचं तेल महिनोन्‌महिने कच्चं राहतं. एकदा जाळं विणलं गेलं की ते टर्पेंटाईनने परत विरघळत नाही, म्हणून चूक सुधारायची तर पहिल्या एक-दोन दिवसांतच.

आणि तिसरी गोष्ट, जी गंमत नाही: ऑक्सिजन घेताना उष्णता निघते. दस्त्यावर ती हवेत निघून जाते, कळतही नाही. पण तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर चित्र बदलतं. कापडाच्या धाग्यांवर तेल अतिशय पातळ पसरलेलं असतं, म्हणजे ऑक्सिजनशी त्याची गाठ भरपूर पडते. आणि बोळ्याच्या आतली उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. आत गरम होतं, गरम झालं की प्रक्रिया आणखी वेगात होते, आणि काही तासांत बोळा धुमसायला लागतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. त्यामुळे वापरलेली प्रत्येक चिंधी बाहेर दोरीवर एकेरी, पसरून वाळत घाला. कडक झाली की मग कचऱ्यात. दोरी नसेल तर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. स्टील वूललाही, म्हणजे घासायच्या बारीक लोखंडी तारांच्या बोळ्यालाही, हाच नियम. खोबरेल पुसलेल्या फडक्याने असं सहसा होत नाही, म्हणूनच आपल्याकडे लोकांना हे खरं वाटत नाही.

कोणतं तेल

दुकानात कच्चं जवस तेल आणि ‘डबल बॉईल’ असे दोन डबे मिळतात. नावात उकळणं असलं तरी आजच्या डबल बॉईल तेलात खरं काम करतात ते कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार. ते ऑक्सिजन ओढण्याचा वेग वाढवतात. कच्चं तेल पातळ थरातही तीन दिवस ते आठवडा घेतं, डबल बॉईल साधारण २४ ते ४८ तास. घरी कढईत कच्चं तेल उकळलं म्हणून ते डबल बॉईल होत नाही. आगीचा धोका मात्र होतो. खाण्याचं जवस तेलही टाळलेलं बरं, कारण ते खवट होऊ नये म्हणून कधी कधी त्यात ई जीवनसत्त्व घातलेलं असतं, आणि जे खवट होणं रोखतं ते वाळणंही रोखतं.

ब्रिटिश लष्कराचा रिवाज कच्च्या जवस तेलाचा. जुन्या रायफलीचं मूळ रूप जपायचं असेल तर तेच, फक्त चिकाटी हवी. टंग तेल चीनमधल्या एका झाडाच्या बियांपासून निघतं. त्यातल्या दुहेरी बंधांची मांडणी अशी असते की जाळं जास्त घट्ट विणलं जातं, म्हणून ते पाण्याला जवसापेक्षा बरंच जास्त तोंड देतं आणि कमी पिवळं पडतं. अमेरिकेच्या एम-वन गॅरंड रायफलीचे दस्ते आधी जवसाच्या आणि पुढे टंग तेलात बुडवले जात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी टंगचा विचार जरूर करावा. ‘डॅनिश ऑइल’ किंवा ‘ट्रू-ऑइल’ अशी तयार मिश्रणं म्हणजे तेलात मिसळलेलं व्हार्निश किंवा घट्ट केलेलं तेल. ती लवकर वाळतात, चमकतात, शिकारी बंदुकीवर शोभतात. लष्करी दस्त्यावर मात्र ती चमक उसनी वाटते.

सामान फार लागत नाही. पाव लिटर तेल, अर्धा लिटर मिनरल टर्पेंटाईन, ०००० नंबरचं स्टील वूल, १८०, २२०, ३२० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर, आणि दोन-तीन जुने सुती बनियन. बनियनचं कापड धागे सोडत नाही, म्हणून तेच.

सोडवताना लाकूड फुटतं ते इथे

मॅगझिन काढा. बोल्ट, म्हणजे चेंबर उघडणारा-मिटणारा सरकता दांडा, मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्याने बघा, मग बोट घालून बघा. नंतर बोल्टच बाहेर काढून वेगळ्या जागी ठेवा. तो त्याच रायफलीला बसवलेला असतो, दुसऱ्याशी अदलाबदल करायची नाही.

ली-एनफील्डचा दस्ता एकसंध नसतो. मागे बट, पुढे नळीखालचं लांब लाकूड म्हणजे फोरएंड, आणि नळीवर दोन छोटे हँडगार्ड. पाहणाऱ्याचा हात आधी बटकडे जातो, कारण तो एकाच लांब बोल्टने (हा वेगळा, स्क्रूसारखा फिरवायचा) धरलेला असतो: बटप्लेट काढली, आतली चामड्याची चकती ओढून काढली की लांब स्क्रूड्रायव्हर आत जातो. इथेच घात होतो. मार्क तीनमध्ये त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते बट ज्यात बसतो त्या धातूच्या सॉकेटमधून पलीकडे निघून फोरएंडच्या मागच्या टोकातल्या छोट्या पट्टीत अडकलेलं असतं, बोल्ट आपोआप ढिला होऊ नये म्हणून. फोरएंड जागेवर असताना बोल्ट फिरवला तर ते चौकोनी टोक फोरएंडचं लाकूड आतून उलवतं. ‘कट्ट’ असा आवाज येतो, आणि शंभर वर्षं टिकलेलं लाकूड दोन मिनिटांत दुभंगतं. म्हणून क्रम पक्का: आधी नाकाडावरची, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरची टोपी, पट्ट्या आणि ट्रिगर गार्डचे स्क्रू, मग फोरएंड सरळ खाली, आणि सगळ्यात शेवटी बट. जोडताना बरोबर उलट.

फोरएंड उतरवताना खाली जुनी चादर पसरा. ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवती एक छोटी धातूची नळकांडी असते. ती लाकूड चेपण्यापासून वाचवते आणि हमखास हरवते. नळीच्या टोकाजवळ लाकडात एक खुंटी आणि तिच्याखाली स्प्रिंग बसलेली असते. आतल्या पट्टीच्या स्क्रूलाही बारीक स्प्रिंग असते. प्रत्येक गोष्ट पाकिटात, पाकिटावर नाव.

आधी पुसून बघा

जुना दस्ता काळाकुट्ट दिसला की हात थेट पॉलिश पेपरकडे जातो. तो आवरा. लाकडावर ठोकलेले शिक्के, तपासनिसाच्या खुणा, दुरुस्तीच्या तारखा हा त्या रायफलीचा दाखलाच आहे आणि संग्राहक त्याचेच पैसे मोजतो. एकदा घासून काढला की तो परत येत नाही. शिवाय वरचा काळेपणा बहुतेक वेळा नुसता मळ असतो.

स्टील वूलचा छोटा बोळा टर्पेंटाईनमध्ये बुडवून पिळा आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलकं घासा, एका वेळी तळहाताएवढी जागा. लगेच पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर आधी काळं, मग कॉफीसारखं, मग मधासारखं उतरत जाईल. मधाचा रंग आला की थांबायचं, कारण त्याच्याखाली जे आहे ते लाकूड आणि जुनं वाळलेलं तेल आहे, मळ नाही. निम्म्या दस्त्यांना याच्यापुढे काही लागतच नाही. दुसऱ्या दिवशी तेलाचा एक पातळ हात दिला की झालं.

वर व्हार्निश किंवा लॅकर असेल तर मात्र पेंट रिमूव्हर लागतो. तो उघड्यावर, हातमोजे घालून वापरायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचा. लोखंडी पाती नको.

खरा चिवट शत्रू म्हणजे बंदुकीचं मशीन ऑइल. ते खनिज तेल, कधीच वाळत नाही. वर्षानुवर्षं ते धातूवरून ओघळून मुठीच्या जागी आणि फोरएंडच्या मागच्या टोकात जिरतं. तिथलं लाकूड काळं आणि मऊ होतं, नख रुततं. ते बाहेर ओढायला व्हाइटिंग, म्हणजे रंगारी लोक वापरतात ती खडूची बारीक पूड, ॲसिटोनमध्ये इडलीच्या पिठाइतकी कालवा आणि तीन-चार मिलिमीटर जाड लेप द्या. ॲसिटोन आत जाऊन तेल पातळ करतं. लेप वाळताना ते पातळ झालेलं तेल पुडीत ओढलं जातं आणि पांढरा लेप पिवळसर-तपकिरी होतो. ब्रशने झटकून पुन्हा लेप. तीन-चार खेपा तरी लागतात. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून जवळ शेगडी नको. हेअर ड्रायरने लाकूड तापवून घाम फुटल्यासारखं तेल बाहेर काढायची युक्तीही चांगली, पण ती वेगळ्या दिवशी करा; ॲसिटोन आणि ड्रायर एकत्र कधीच नाही.

कॉस्टिक सोड्याने धुण्याचा सल्ला सर्रास मिळतो. दस्ता स्वच्छ होतो हे खरं. पण क्षाराने लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, काळवंडतं, तंतू सुटे होतात, आणि लाकडात उरलेला क्षार नव्या तेलाशी मिळून चक्क साबण होतो. मग वरचा थर कधीच घट्ट होत नाही.

पोचे, चिरा आणि पॉलिश पेपर

पोचा म्हणजे दाबले गेलेले तंतू. ते तुटलेले नसतात, नुसते चेपलेले असतात, म्हणून वाफेने परत फुगतात. खाच मात्र कापली गेलेली असते. ती वाफेने उठत नाही. सुती फडकं भिजवून पिळा, दोन घड्या करून पोच्यावर ठेवा आणि गरम इस्त्रीचं टोक पाच ते दहा सेकंद टेकवा. चर्र आवाज बंद झाला की उचला, फडकं पुन्हा ओलं करा, पुन्हा टेकवा. चार-पाच वेळा केलं की बहुतेक पोचे पातळीला येतात. शिक्के असलेल्या जागी इस्त्री नको, कारण शिक्कासुद्धा दाबलेले तंतूच आहेत आणि तोही फुगून पुसट होईल. त्यानंतर लाकूड दोन दिवस सावलीत वाळू द्या.

चिरेत अराल्डाइट भरायचं असेल तर आधी ॲसिटोनने चीर धुऊन काढा. तेलकट लाकडाला इपॉक्सी धरत नाही. सावकाश सुकणारं अराल्डाइट घ्या, पाच मिनिटांचं नको, कारण त्याला चिरेत खोल उतरायला वेळ हवा. हेअर ड्रायरने किंचित गरम केलं की ते पाण्यासारखं आत जातं. आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळा. गोल, निमुळत्या मुठीवर शिकंजा घसरतो, ट्यूब घसरत नाही.

पॉलिश पेपर फक्त गरज असेल तिथे. १८० ने सुरुवात, मग २२०, मग ३२०. कायम रेषेच्या दिशेने आणि कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. बोटाने घासलं तर मऊ भाग जास्त खाल्ला जातो आणि उजेडात लाटा दिसतात. बट घासताना बटप्लेट परत लावून घ्या, नाहीतर कडा गोल होतात आणि नंतर पितळ लाकडाच्या बाहेर डोकावतं. सॉकेटजवळच्या कडेलाही हेच. आतल्या खोबणींना, विशेषतः फोरएंडच्या मागच्या टोकातल्या ज्या दोन उभ्या पृष्ठभागांवर गोळीचा धक्का येतो, त्यांना पेपर लावायचाच नाही. तिथलं अर्ध्या मिलिमीटरचं लाकूड गेलं तरी जोड ढिला होतो, नेम बिघडतो आणि पुढे चीर जाते.

३२० झाल्यावर ओल्या फडक्याने लाकूड पुसा आणि वाळू द्या. हाताला बारीक काटे लागतील. ते सुटे तंतू आहेत, पाण्याने उभे राहिलेले. वापरलेल्या ३२० ने हलकेच कापा. हे दोनदा करा. न केल्यास तेच काटे पहिल्या पावसात तेलातून वर येतात.

बीच किंवा बर्चचा दस्ता फिका असतो. रंग द्यायचा तर तेलाच्या आधी. अक्रोडाला रंगाची गरज नाही, तेलाने तो आपणच गडद होतो. इंग्लिश बंदूकवाल्यांची एक जुनी लकब मात्र आपल्या ओळखीची आहे: ते जवसाच्या तेलात अल्कानेटच्या मुळ्या भिजवून लालसर तेल करत. आपल्या बाजारात रतनजोत म्हणून मिळणाऱ्या मुळ्या त्याच कुळातल्या, तोच लाल रंग सोडणाऱ्या. पाव लिटर कच्च्या तेलात वीस-पंचवीस ग्रॅम रतनजोत आठवडाभर ठेवून गाळली की पिवळसर अक्रोडाला छान ऊब येते.

तेलाचा हात

पहिला हात तेल आणि टर्पेंटाईन सम प्रमाणात. टर्पेंटाईन तेलाला पातळ करून आत नेतं आणि उडून जातं. आत म्हणजे किती? रेषेला आडवं मिलिमीटरभरसुद्धा अवघड. ‘तेल हाडापर्यंत मुरतं’ ही समजूत खोटी आहे. अपवाद फक्त कापलेल्या टोकांचा: बटप्लेटखालचा भाग, फोरएंडची दोन टोकं, स्क्रूची भोकं. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, तेल खोल जातं आणि पाणीही तिथूनच शिरतं. या टोकांना पिणं थांबेपर्यंत पाजा. ‘पाजणे’ हा शब्द खरा शोभतो तो इथेच.

बाकी पृष्ठभागावर फडक्याने सढळ लावा, वीस मिनिटं थांबा, कोरड्या पडलेल्या जागी पुन्हा ओलं करा, आणखी दहा मिनिटांनी सगळं पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं: कोरडं बनियन फिरवून त्यावर डाग पडेनासा झाला पाहिजे. तासाभराने परत बघा. अक्रोडाच्या छिद्रांतून तेलाचे टाचणीच्या डोक्याएवढे थेंब वर आलेले असतात. ते पुसले नाहीत तर दुसऱ्या दिवशी दाणे होऊन घट्ट बसतात. खोबणींच्या आतूनही एक पातळ हात द्या, नाहीतर लाकूड बाहेरून कमी आणि आतून जास्त ओल घेतं आणि वाकतं.

दुसऱ्या हातापासून तेल निव्वळ, पण थोडं. एका बटला एक चहाचा चमचा पुरतो, म्हणजे ५ मिलिलिटर. तळहातावर घ्या आणि चोळा, हात गरम होईपर्यंत. उष्णतेने तेल पातळ होतं आणि एकसारखं पसरतं. फडक्याला हे जमत नाही. पंधरा मिनिटांनी पुसा. दोन हातांमध्ये डबल बॉईलला दोन दिवस, कच्च्याला आठवडा, आणि दर दुसऱ्या हातानंतर कोरडं स्टील वूल हलकं फिरवा. पाच-सहा हातांत दस्ता मंद, खोल दिसू लागतो. छिद्रं बुजवून गुळगुळीत हवा असेल तर तिसऱ्या हाताला ४०० चा पेपर तेलात भिजवून गोल-गोल घासा. लाकडाची पूड आणि तेल यांचा लगदा छिद्रांत भरतो. तो तिरपा पुसा, रेषेच्या दिशेने पुसला तर बाहेर निघतो. लष्करी दस्त्याला हे लागत नाही.

वाळलं का हे बोटाने कळत नाही. कोपऱ्यात ४०० चा पेपर दोनदा फिरवा. पांढरी पूड निघाली तर वाळलं. पेपर चिकटून भरला तर थांबा.

बिघडलं तर

चिकटपणाचं कारण नव्वद टक्के वेळा न पुसलेलं तेल. त्यावर आणखी तेल लावणं हा सगळ्यात मोठा वेडेपणा. टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या स्टील वूलने चिकट थर उतरवा, कोरडं पुसा, आठवडाभर उजेडाच्या, खेळत्या हवेच्या खोलीत टांगून ठेवा. प्रकाशाने वाळणं वेग घेतं. पण भर उन्हात नको. फोरएंडची पातळ भिंत एका दुपारीत तडकते. जाड थराला सुरकुत्या पडल्या असतील तर मात्र खरवडून पहिल्यापासून.

निळसर काळे ठिपके दिसले तर ते स्टील वूलचे कण आहेत. ओल, लोखंड आणि टॅनिन एकत्र आलं की शाई होते. पूर्वी शाई अशीच करत. म्हणून वूल वापरल्यावर लोहचुंबक फिरवा, आणि पाण्याचं काम असेल तिथे घासणीचा हिरवा पॅड वापरा. हिरवट-काळी बुरशी आली तर ती कच्च्या, न वाळलेल्या जवस तेलावर पोसली गेलेली असते. हे मुख्यतः पावसाळ्यातलं दुखणं. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असते, लाकूड आधीच फुगलेलं असतं आणि तेल रेंगाळतं. हे काम दिवाळीनंतर काढावं. होळीपर्यंत निवांत पुरं होतं.

जवसाचं तेल पाण्याचा थेंब काही वेळ थोपवतं, हवेतली वाफ मात्र फारशी अडवत नाही. त्यावर मेणाचा हात उपयोगी. मधमाशीचं मेण, डबल बॉईल तेल आणि टर्पेंटाईन सम भाग. मेण साधारण ६४ अंशांना वितळतं, म्हणून गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या वाटीत ते सहज विरघळतं. गॅस बंद करून, भांडं ओट्यावरून बाजूला नेऊन मगच तेल आणि टर्पेंटाईन घाला. थंड झाल्यावर ते बुटाच्या पॉलिशसारखं होतं. दस्ता पुरता वाळल्यावर, म्हणजे शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवड्यांनी, सुपारीएवढं घेऊन घोटा.

जुन्या लोकांचा एक हिशेब आहे: आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला आणि पुढे जन्मभर वर्षातून एकदा. त्यातला ‘आठवडाभर रोज’ आपल्या दमट हवेत विसरा. वर्षातून एकदा मात्र खरंच करा, अर्धा चमचा तेलाने.

जोडताना ट्रिगर गार्डचे स्क्रू आवळा, महिन्याभराने परत बघा. नवं तेल प्यायलेलं लाकूड थोडं बसतं. आणि नळी साफ करून तेल दिल्यावर पहिली रात्र रायफल नेहमीसारखी बटवर उभी न ठेवता नाकाडावर, खाली फडकं घालून उभी करा. नळीतलं जादा तेल फडक्यात उतरेल. बटवर उभी ठेवली तर तेच तेल चेंबरमधून ओघळत मुठीच्या लाकडात जाईल, जिथून ते काढायला मघाशी चार लेप लागले होते.